करड्या झग्याचा निवाडा

थर्झा हायटने सकाळपासून तिसऱ्यांदा जीभ चावली, आणि अजून आठसुद्धा वाजले नव्हते.

तिच्या स्वयंपाकघरात चार बायका हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून गप्प बसल्या होत्या. पाचवी ती स्वतः. चुलीवरची कॉफी उकळून उकळून काढा झाली होती. वर पोटमाळ्यावर टेनेसीहून गुलामीतून पळून आलेली डायसी तीन दिवस मक्याच्या पोत्यांमागे बसून होती. बाहेर अंगणात थर्झाचा नवरा एनॉस गाडीला घोडे जोडून उभा होता. आणि या चौघी देवाचा आतला आवाज ऐकत होत्या. देव बिचारा काय बोलत असेल ते असो, थर्झाला ऐकू येत होती ती फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टकटक.

आमच्या क्वेकर पंथाच्या मंडळींत हात वर करून मतं मोजायची पद्धत नाही. सगळ्यांचं मन एक होईपर्यंत गप्प बसायचं. कुणाला वाटलं तर उठून बोलायचं, मग पुन्हा गप्प. एकीला जरी खटकलं तरी काम अडलं. पद्धत चांगली आहे, वाईट कोण म्हणतंय? सभाघराचं कुंपण कुठून घालायचं हे ठरवायला आम्हाला दोन वर्षं लागली, कुंपण काही पळून गेलं नाही. पण इथे गोष्ट पळून आलेल्या माणसाची होती.

सात वाजता लोइस अनथँक धापा टाकत बातमी घेऊन आली होती. गावातल्या गुत्त्यावर केंटकीकडचे दोन गुलाम पकडणारे उतरले होते. त्यांच्या हातात छापील कागद : उंच बाई, तपकिरी ठिगळांचा झगा, डाव्या मनगटावर भाजल्याची खूण. दुपारी शेरीफ आला की ते क्वेकरांच्या घरांची एकेक करून झडती घेणार होते, आणि एनॉस हायटचं घर त्यांच्या यादीत पहिलं होतं.

एवढ्यातही नशीब असं की आज तिमाही सभेचा दिवस. नऊ वाजता वीस-बावीस गाड्या ओळीने उत्तरेला ब्लू क्रीकला निघणार. प्रत्येक गाडीत सहा-सात बायका, सगळ्यांच्या अंगावर तोच करडा झगा, डोक्यावर नाकाच्या पुढे वीतभर आलेलं तेच टोपडं. त्या सव्वाशे टोपड्यांत एक जास्त झालं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? ब्लू क्रीकची माणसं डायसीला पुढे मिशिगनला आणि तिथून गुलामी नसलेल्या कॅनडात पोचवणार. आजची ओळ चुकली तर पुढची तिमाही सभा थेट जानेवारीत.

लागत होता फक्त एक करडा झगा. आणि तो होता! मदत समितीच्या काळ्या पेटीत, घडी घालून ठेवलेला, डायसीच्या मापाचा. लोकरीचे दोन होते ते गेल्या महिन्यात पळून आलेल्या दोघी बहिणींना दिले. उरलेला ताग-लोकरीचा डायसीच्या पोटरीच्या वर राहत होता. थर्झाचा स्वतःचा झगा तर विचारायलाच नको. थर्झा म्हणजे बुटकी नि गोल, तिच्या झग्यात डायसी दोनदा मावली असती आणि तरी गुडघे उघडे पडले असते.

पेटीची किल्ली केझाया मेंडनहॉलकडे. अंगणातली छत असलेली मोठी गाडीही केझायाची. आणि अडचणही केझायाचीच.

"मी पुन्हा सांगते," केझाया डोळे उघडून म्हणाली. सत्तर वर्षांची, ताठ, काठीसारखी उंच बाई. समितीची चिटणीस. "गुलामांचा कापूस न विकणाऱ्या त्या सिनसिनाटीच्या दुकानदाराचं काल पत्र आलं. वसंतात पाठवलेला करड्या कापडाचा तागा चुकून दुसऱ्या गठ्ठ्यातला गेला, असं त्याने प्रामाणिकपणे कळवलंय. म्हणजे हा झगा गुलामांनी पिकवलेल्या कापसाचा आहे."

"ते आम्ही सातला ऐकलं, केझाया," थर्झा म्हणाली. आमच्यात लहानथोर सगळ्यांना अगं-तुगंच. देवापुढे सगळे सारखे, म्हणून सत्तरीच्या बाईलाही तू.

"ऐकलंस. पण मनावर घेतलं नाहीस."

आता यावर काय बोलायचं? गुलामांच्या हातची कुठलीही वस्तू घरात आणायची नाही, ही शपथ थर्झानेही घेतली होती. अकरा वर्षं पाळली होती. उसाची साखर नाही, मेपलचीच. तांदूळ नाही. सुताच्या वातीच्या मेणबत्त्या नाहीत, तागाच्या वाती जाळायच्या, त्या असा धूर सोडायच्या की एनॉस बायबल वाचताना रडतोय की खोकतोय कळायचं नाही. उन्हाळ्यात अंगात लोकर घालून घामोळं सोसलं होतं. तिला कुणी मनावर घेण्याचं शिकवायची गरज नव्हती.

"माझं एवढंच म्हणणं आहे," केझाया सावकाश म्हणाली, "ज्या कापसाला त्या लोकांचं रक्त लागलंय, तोच त्यांच्यातल्या एकीच्या अंगावर आपल्या हाताने चढवायचा? माझं मन तयार होत नाही."

पुन्हा शांतता. घड्याळ टकटकत होतं. पिकेट बहिणींपैकी थोरलीने घसा खाकरला.

"त्या आखूड झग्याला खाली पट्टी लावली तर?"

"किती वेळ लागेल?" थर्झाने विचारलं.

"तासाभरात होईल."

"गाड्या तासाभरात सुटणार!"

"आणि दोरा?" धाकटी पिकेट म्हणाली. "माझ्याकडचा दोराही सुताचाच आहे. तो कुठला, ते मला माहीत नाही."

"मग दोऱ्याचाही विचार करायला हवा," केझाया म्हणाली, आणि चौघींनी डोळे मिटले. दोऱ्याचा विचार सुरू झाला!

दारातून एनॉसने डोकं घातलं. "झालं का गं?"

"नाही."

"बरं," एनॉस म्हणाला आणि गेला. त्याचं हे 'बरं' ऐकलं की थर्झाला हातातलं भांडं फेकावंसं वाटायचं. घराला आग लागली तरी हा माणूस 'बरं' म्हणून बादली शोधायला निघेल, आणि तीही चालत.

मागच्या वर्षी तिने एकदा असाच धीर सोडला होता. एका म्हाताऱ्याला कुणाला न विचारता पेटीतलं घोंगडं काढून दिलं. मग समजावायला दोन वडीलधाऱ्या आल्या, तीन संध्याकाळी समोर बसल्या, एक शब्द न बोलता. त्या तीन संध्याकाळींपेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. तेव्हापासून पेटीची किल्ली केझायाच्या कमरेला. आजही किल्ली हिसकावता आली असती, पण गाडी कशी हिसकावणार? बाकीच्या गाड्या उघड्या, आणि डायसीला छताखालीच बसवायला हवं होतं.

साडेआठ झाले. थर्झाचा बांध फुटला.

"केझाया, तुझ्या टोपड्यात पुठ्ठा आहे ना?"

"आहे."

"पुठ्ठा कशाचा करतात? चिंध्यांचा! आणि चिंध्या कशाच्या? सुताच्या! चाळीस वर्षं डोक्यावर घेऊन मिरवतेस, तेव्हा नाही तुझं मन आडवं आलं? आणि आजच बरं आलं!"

बोलून झाल्यावर तिला वाटलं, जिंकले. पण केझायाला टोमणा म्हणजे काय हे आयुष्यात कधी कळलं नव्हतं. तिने शांतपणे टोपड्याची नाडी सोडली, ते मांडीवर घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"तुझं बरोबर आहे, थर्झा," ती गंभीरपणे म्हणाली. "माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. तुझी मी ऋणी आहे." आणि कमरेची कात्री काढून तिने टोपड्याची शिवण उसवायला घेतली.

"केझाया! नको!"

पण उशीर झाला होता. धाकट्या पिकेटने आपलं टोपडं काढलं. थोरलीने काढलं. लोइसने थर्झाकडे असं पाहिलं की माझे आई, काय करून बसलीस, आणि तिनेही नाडी सोडली. तिमाही सभेला निघायच्या अर्धा तास आधी चार बायका बोडक्या डोक्याने टोपडी फाडत बसल्या होत्या. थर्झाने कपाळाला हात लावला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

"झालं का गं?" एनॉस दारात. त्याने बोडकी डोकी पाहिली, कात्र्या पाहिल्या, थोडा विचार केला. "बरं," तो म्हणाला.

"बरं काय बरं!" थर्झा ओरडली. "अरे, तिथे माणसं दोरी घेऊन बसलीत आणि इथे या पुठ्ठा सोलताहेत! देव आतून बोलतो म्हणे. एवढं ओरडून सांगतोय तो, तुमच्या कानांत काय बोळे घातलेत? तेही कापसाचेच असतील!"

उत्तर आलं ते जिन्यावरून. जिना करकरला.

डायसी खाली उतरली. तपकिरी झगा, त्यावर काळी, निळी, पिवळी ठिगळं, बाहीला मक्याचा भुसा. तीन दिवसांत ती चार वाक्यंही बोलली नव्हती, आणि त्या प्रत्येक वाक्यात 'बाई' होतं. बाई, पाणी. बाई, उपकार झाले. थर्झा तिला सांगून थकली की मला नावाने हाक मार. डायसीचं तोंड तसं वळतच नव्हतं.

"वर तक्तपोशीच्या फटी मोठ्या आहेत, बाई," ती म्हणाली. "सगळं ऐकू येतं."

केझायाने कात्री खाली ठेवली. तिच्या गालावर लाली चढली. "डायसी, तुझा अपमान करायचा आमचा हेतू नव्हता. उलट..."

"कळलं मला, बाई. तुम्ही आमच्यासाठी कापूस सोडलात. साखर सोडलीत. थर्झाबाईंच्या घरची मेणबत्तीपण पाहिली." ती थोडी थांबली. "फार धूर करते."

लोइसला हसू आलं, ते तिने खोकल्यात लपवलं.

"तो झगा दाखवता का मला?"

केझायाने कमरेची किल्ली काढली. पेटी उघडून झगा काढला, टेबलावर पसरला. डायसीने कापड दोन बोटांत धरलं, चुरगाळलं, सोडलं. उजेडाकडे धरून पाहिलं. बाजारात कापड पारखणारी बाई पाहते तसं. तिच्या बोटांच्या शेंड्यांवर पांढरे वण होते, एकावर एक.

"चांगला आहे," ती म्हणाली. "लांब धाग्याचा. हा शेवटच्या वेचणीचा नाही, पहिल्या वेचणीचा आहे. तेव्हा बोंडं पूर्ण उमललेली नसतात, कडा टोकदार असतात. बोटं फाटतात. रक्त लागलेला कापूस मुकादम वजनात धरत नाही, म्हणून आधी बोटं तोंडात घालून चोखायची आणि मग वेचायचा." तिने बोटं सहज झग्याला पुसली. "म्हणजे यावर रक्त नाही, बाई. तेवढी काळजी आम्हीच घेतली."

धाकट्या पिकेटने हातातली कात्री खाली ठेवली.

"नऊ वर्षांची होते तेव्हा वेचायला लागले. सतरा हंगाम झाले. रोज दीडशे पौंड, कमी भरला की चाबूक. सतरा हंगामांत त्यातलं बाहीएवढं कापडसुद्धा माझ्या अंगाला लागलं नाही. हे जे घातलंय ना, ते मालकिणीच्या पडद्यांचं आहे." ती आता केझायाकडे सरळ पाहत होती. "तुम्ही तो विकत घ्यायचा नाही म्हणता, घेऊ नका. अंगाला लावायचा नाही म्हणता, लावू नका. तुमचा नाहीच आहे तो. पण माझा आहे. माझा मला द्यायला तुम्ही पाचजणी तासभर कसला विचार करताय?"

थर्झाला रडू फुटेल असं वाटलं, आणि रागही आला, स्वतःचाच. सकाळपासून तिने वेळेवरून भांडण केलं होतं, मापावरून केलं, पुठ्ठ्यावरून केलं. ही साधी गोष्ट तिच्याही टाळक्यात शिरली नव्हती.

केझायाने डोळे मिटले. झालं, थर्झा मनात म्हणाली, आता ही दुपारपर्यंत उघडत नाही. पण केझायाने लगेच उघडले, आणि ते ओले होते.

"माझं मन मोकळं झालं," ती म्हणाली. झगा उचलून तिने डायसीच्या हातात दिला, दोन्ही हातांनी. "मी चुकले, डायसी. सतरा हंगामांचा एक झगा म्हणजे फारच कमी आहे."

"आजच्यापुरता चालेल," डायसी म्हणाली.

मग जी धावपळ उडाली! डायसी आत जाऊन झगा घालून आली. थर्झाने स्वतःचं टोपडं, एकच काय ते धड उरलेलं, तिच्या डोक्यावर बांधलं आणि लोकरीचे हातमोजे मनगटाच्या खुणेवर ओढले. ठिगळांचा झगा चुलीत गेला. बाकीच्यांनी उसवलेली टोपडी टाचण्या मारून डोक्यावर चढवली. थर्झाने धाकट्या पिकेटच्या पिशवीतलं जुनं टोपडं ओढून घातलं, ते डोळ्यांवर येत होतं.

"नोंद करायची राहिली," केझाया दारात थांबून म्हणाली. "पेटीतून वस्तू गेली की वहीत नोंद."

"गाडीत!" थर्झा किंचाळली. "गाडीत कर, वाटेल तेवढी कर, पण चढ आधी!"

"झालं का गं?" एनॉसने विचारलं.

"झालं!"

"बरं," तो म्हणाला, आणि या एका वेळी थर्झाने त्याला माफ केलं.

गाड्यांची ओळ सुटली. केझाया स्वतः लगाम धरून पुढे. मागे छताखाली डायसी मध्ये, एका बाजूला थर्झा, दुसऱ्या बाजूला लोइस, समोर पिकेट बहिणी. केझायाने वही थर्झाच्या मांडीवर देऊन मजकूर सांगितला, खाचखळग्यांत शाई सांडत थर्झाने लिहिला : 'समितीच्या पेटीत एक सुती झगा होता. तो आपला नसल्याचं आज ध्यानात आलं. ज्या बाईचा होता तिला परत केला.'

"सगळ्यांना पटतंय?" केझायाने पुढून विचारलं.

पिकेट बहिणी हो म्हणाल्या. लोइस काही म्हणायच्या आत गाडी थांबली. गुत्ता आला होता.

दोघे पकडणारे रस्त्यात उभे होते. गाड्या एकेक करून थांबवत होते, वाकून आत बघत होते. त्यांतला जाडा, दाढीवाला, केझायाच्या गाडीशी आला. छताखाली पाच टोपडी, पाचही खाली झुकलेली. थर्झा डायसीला आणखी चिकटून बसली.

"आजीबाई," तो म्हणाला, "तुमची माणसं खोटं बोलत नाहीत म्हणे?"

"नाही बोलत," केझाया म्हणाली.

थर्झाने डोळे गच्च मिटले. कारण ते खरंच होतं. दुसऱ्या कुठल्या बाईने ठोकून दिलं असतं की माझी भाची आहे. पण केझायाने सत्तर वर्षांत कोंबड्यालाही फसवून खुराड्यात घातलं नव्हतं. सकाळी एका झग्याचा कापूस जिला सोसला नाही, ती आता काय करणार?

"मग सांगा बरं खरं. या गाडीत दुसऱ्या कुणाची मालमत्ता आहे का?"

केझाया गप्प बसली. डोळे मिटले. मागच्या गाड्या येऊन थांबल्या, घोडे फुरफुरले, कुणीतरी हाक मारली. दाढीवाल्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. थर्झा मनातल्या मनात म्हणत होती, बोल गं बये, नाहीतर नको बोलूस, पण काहीतरी एक कर.

"नाही," केझाया म्हणाली. "या गाडीत जे कुणी बसलंय ते ज्याचं त्याचं आहे, आणि अंगावर जे आहे तेही ज्याचं त्याचं आहे. आजच सकाळी आम्ही याचा नीट विचार केला. तासभर लागला. नोंदही केली आहे. वाचून दाखवते." तिने मागे हात केला. "थर्झा, वही दे. सुरुवातीपासून वाचू या, म्हणजे याला समितीची पद्धत कळेल. पहिली नोंद अठराशे अडतीसची आहे."

थर्झाने वही दिली. जाडजूड वही. केझायाने पहिलं पान उघडलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि वाचू लागली. पहिल्याच नोंदीत पेटी कुठल्या लाकडाची करावी यावर चार बायकांची मतं होती. तिसऱ्या बाईच्या मतापर्यंत दाढीवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"जा, आजीबाई, जा," तो म्हणाला. "वाट मोकळी करा. मागे बारा गाड्या अडल्यात."

"अजून चौथीचं मत..."

"जा म्हणतो ना!"

केझायाने वही मिटली, लगाम हलवला. गुत्ता मागे पडला, मग गिरणी, मग पूल. पुलापलीकडे गेल्यावर थर्झाच्या लक्षात आलं की तिने डायसीचा हात इतका वेळ गच्च आवळून धरला होता.

"ही म्हातारी रोज अशीच असते?" डायसीने हळूच विचारलं.

"रोज," थर्झा म्हणाली. "मला कळायला लागलं तेव्हापासून."

डायसी हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. टोपड्याच्या आत कुणाला दिसलं नाही, पण थर्झाला ते खांद्यावरून कळलं.

"थर्झा," पुढून केझायाचा आवाज आला, मान न वळवता. "त्या शेवटच्या नोंदीवर लोइसचं मत यायचं राहिलंय. 'परत केला' हा शब्द तिला पटतो का? घाई नाही. तिने शांतपणे विचार करावा."

लोइसने तोंड उघडलं, मिटलं, आणि आमच्या रीतीप्रमाणे खरोखरच विचार करू लागली. थर्झाने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

डायसी पुढे वाकली.

"अगं लोइस," ती म्हणाली, "हो म्हण की गं! माझा झगा आहे, मला पटलाय. आणि केझाया, तू हाक घोडे."